डब्याला कुलूप लागेल, पण आतल्या भाताचं काय?

पेणहून रोह्याला कामाला जाणारा माणूस सकाळी सहा-सातला डबा घेऊन निघतो आणि जेवायला बसतो दुपारी एकला. मधले सहा तास डबा आधी गाडीच्या रॅकवर असतो, मग धाटाव एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्यात टेबलाखाली, नाहीतर भिंतीच्या खिळ्याला टांगलेला. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने घरून आणलेला डबा खायला वेगळी खोली बंधनकारक केली, पण १५० हून जास्त कामगार असतील तिथेच. लहान युनिटमध्ये डबा ठेवायचा तो जागा मिळेल तिथे. पेणच्या गणपतीच्या कारखान्यांतही तेच, वर रंगाची आणि प्लास्टरची धूळ फुकट.

मग कधी भाजी कमी झालेली असते, कधी मासळीचा तुकडा गायब. दोन-तीनदा असं झालं की माणूस विचार करतो, गरम ठेवणारी आणि कुलूप लागणारी बॅग का घेऊ नये?

घ्या की. पण आधी ती बनते कशी ते बघू.

अशा बॅगेला तीन थर असतात. बाहेर जाड कापड, मध्ये फोम आणि आत चंदेरी अस्तर. लोकांना वाटतं सगळी करामत त्या चंदेरी अस्तराची. खरं काम फोम करतो. त्यात अडकलेली हवा उष्णता सहज बाहेर जाऊ देत नाही. म्हणून फोम जितका जाड तितकं बरं. अस्तर शिवलेलं असेल तर सुईच्या भोकांतून आमटी फोममध्ये झिरपते आणि आठवड्याभरात बॅगेला वास मारतो. अस्तराचे जोड उष्णतेने चिकटवलेले असतील तर ही कटकट नाही. कुलपाची कडी बसवायची तीसुद्धा बाहेरच्या कापडावर, अस्तराला भोक न पाडता.

आता कुलूप. दुकानदार चेनचे दोन रनर एकत्र आणून त्यांत छोटं कुलूप घालून दाखवतो. हे फसवं आहे. साध्या नायलॉन चेनच्या दातांत बॉलपेनचं टोक खुपसलं की चेन मधूनच उघडते (पेणकरांनी विनोद करून घ्यावा). काम झालं की कुलपासकट जोडलेले दोन्ही रनर त्या जागेवरून फिरवायचे, चेन परत बंद. कुणाला पत्ताही लागत नाही. उपाय सोपा आहे. रनर नुसते एकमेकांना न अडकवता बॅगेला घट्ट शिवलेल्या कडीत अडकवायचे, म्हणजे ते सरकतच नाहीत. चेन जाड दातांची असेल तर आणखी चांगलं. तीन आकड्यांच्या कुलपाचे १००० क्रमांक होतात. एका क्रमांकाला तीन सेकंद धरले तरी सगळे तपासायला ५० मिनिटं. जेवणाच्या सुट्टीआधी एवढा निवांत चोर मिळणं कठीण.

ब्लेडने कापड कापता येतंच. पण मग चोरी दिसते, आणि डब्याच्या कुलपाकडून एवढीच अपेक्षा ठेवावी. गुपचूप हात मारणाऱ्याला ते पुरतं. मुंबईचे डबेवाले १८९० पासून डबे पोचवतायत ते कुलपाविना, झाकणावरच्या खुणांच्या भरवशावर. तिथे डबा सतत कुणाच्या तरी जबाबदारीत असतो. खिळ्याला टांगलेल्या डब्याला तसा कुणी वाली नाही.

पण डब्याचा दुसरा चोर आतच बसलेला असतो. बॅग अन्न गरम करत नाही, फक्त निवण्याचा वेग कमी करते. जंतू झपाट्याने वाढतात ते साधारण ५ ते ६० अंशांच्या मध्ये. रायगडात डब्यात भात हवाच, आणि भाताचा खास जंतू आहे बॅसिलस सेरेयस. त्याची बीजं भात शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ती वाढून विष तयार करतात, आणि उलट्या करवणारं हे विष नंतर भात गरम केला तरी जात नाही. साध्या स्टीलच्या डब्यातला भात मऊ बॅगेत सहा तास ६० अंशांवर राहत नाही. तो राहतो कोमट, म्हणजे जंतूंना हवा तसाच.

त्यामुळे लांबच्या पाळीसाठी बॅगेत व्हॅक्यूमचा डबा ठेवा. त्यात आधी उकळतं पाणी ओतून पाच मिनिटं झाकण लावा, मग पाणी टाकून वाफाळता भात काठोकाठ भरा. अर्धा डबा लवकर निवतो. हे जमत नसेल तर भात परातीत पसरून लगेच गार करा, फ्रीजमध्ये ठेवा आणि सकाळी बॅगेत बर्फाची पिशवी घालून न्या. ताक-दही असेल तर ते गरम डब्याला खेटून नको, गार पिशवीजवळ ठेवा.

तांदळाची भाकरी आणि सुकी भाजी नेणाऱ्याला भाताएवढा घोर नाही. सुकट नेणाऱ्यांनी मात्र कुलूप जरा दणकट घ्यावं, वास आधीच पोचलेला असतो.