दुपदरी भिंत आणि आरपार दगड

उत्तर इंग्लंडमधील स्वेल नदीच्या खोऱ्यात, विशेषतः म्यूकर आणि गनरसाइड या गावांच्या परिसरात, दर दोन-चार कुरणांमागे एक एकाकी दगडी इमारत उभी असते. तिला शेतकऱ्याचे घर लागून नसते आणि बहुधा धड रस्ताही नसतो. एकाच छपराखाली गुरांचा गोठा आणि वाळलेल्या गवताचे कोठार सामावणाऱ्या या इमारतींपैकी बहुतेक अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत बांधल्या गेल्या, आणि त्या काळी येथील पुष्कळ कुटुंबे शिशाच्या खाणीतील मजुरीला चार-पाच गाईंच्या शेतीची जोड देऊन जगत असल्याने त्या आकाराने लहान आणि संख्येने फार आहेत.

त्यांच्या विखुरलेपणामागे उताराचा हिशेब आहे. चढणीवरून गवताचे भारे गावात वाहून आणायचे आणि हिवाळाभर साठलेले शेणखत पुन्हा वर न्यायचे, या दुहेरी कष्टांपेक्षा गोठाच कुरणात बांधणे सोयीचे ठरे. उन्हाळ्यात कापलेले गवत बाहेरच्या भिंतीतील झरोक्यातून आत लोटले जाई, नोव्हेंबरपासून मे महिन्यापर्यंत गुरे शेजारच्या दावणीला असत, आणि मालक दिवसातून दोनदा येऊन गव्हाणी भरी, धारा काढी, गुरांना ओढ्यावर नेऊन पाणी दाखवी. शेण वेगळ्या खिडकीतून बाहेर पडे आणि ज्या कुरणाने गवत दिले त्याच कुरणात पसरले जाई. म्हणजे ही इमारत नुसता निवारा नसून कुरणाच्या वार्षिक चक्रातील एक चालते यंत्र होती.

या यंत्राचा सर्वांत विलक्षण भाग मात्र भिंतीत आहे. भिंत दुपदरी असते: आतला आणि बाहेरचा असे डबराचे दोन पदर उभे करून मधली पोकळी चिपांनी भरतात. दोन्ही पदर आपापल्या जागी नीट रचलेले असले तरी वरचा भार वाढताच ते एकमेकांपासून फाकण्याची भीती असते, म्हणून ठराविक उंचीवर भिंतीच्या पूर्ण जाडीतून जाणाऱ्या लांब दगडांची ओळ घालतात. इंग्रजीत त्यांना ‘थ्रू’ म्हणतात. मराठीत आरपार दगड म्हणावे. गवंड्याने त्यांची टोके तासून भिंतीशी सपाट करण्याची तसदी बहुधा घेतलेली नसल्याने ती बाहेर डोकावतात आणि लांबून भिंतीवर आडव्या रेघा ओढल्यासारख्या दिसतात. सजावट वाटणारी ही रेघ वस्तुतः भिंतीचा कणा आहे. तिची किंमत महाराष्ट्राला वेगळ्या आणि दारुण रीतीने कळली: 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती कोसळल्या, त्यांच्या पदरांना जोडणारे असे दगड बहुधा नव्हते, आणि वर माळवदाचा मातीचा भार होता.

स्वेलच्या खोऱ्यात भूकंपाचे भय नाही. तेथील भार दगडी फरश्यांच्या छपराचा आहे. वळचणीला मोठ्या आणि आढ्याकडे लहान होत जाणाऱ्या या फरश्या लाकडी खुंट्यांवर टांगलेल्या असतात, आणि इमारतीची अखेर बहुधा एखादी खुंटी कुजण्यापासून सुरू होते.

हा परिसर 1954 पासून यॉर्कशर डेल्स राष्ट्रीय उद्यानात आहे आणि 1989 मध्ये येथील गोठे व दगडी कुंपणे यांसाठीच खास जतनक्षेत्र जाहीर झाले. परंतु जतनाचा शिक्का बसल्याने इमारतीला काम मिळत नाही. वाळल्या गवताची जागा प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या मुरघासाने घेतली, ते मोठे गठ्ठे जुन्या झरोक्यातून आत जाईनात, गुरे थोराड झाली, आणि पाच ठिकाणी दिवसातून दोनदा फिरण्यापेक्षा घराजवळच्या एका मोठ्या शेडमध्ये सगळी बांधणे शेतकऱ्याला परवडू लागले. त्यात त्याचा दोष काढता येत नाही.

उरतो तो मार्ग राहत्या घरात रूपांतर करण्याचा, आणि रस्त्यालगतच्या गोठ्यांबाबत तो समंजसही आहे. पण कुरणाच्या मध्यावर उभ्या असलेल्या गोठ्याला खिडक्या फोडल्या, विजेच्या तारा ओढल्या आणि मोटारीसाठी वाट काढली की भिंती वाचतात, पण त्यांना अर्थ देणारे एकाकीपण जाते. अशा गोठ्यांना घर करण्यापेक्षा केवळ छप्पर शाबूत ठेवून रिकामे उभे राहू देणे अधिक प्रामाणिक म्हणावे लागेल, मात्र त्या डागडुजीचा खर्च एकट्या शेतकऱ्याच्या माथी मारता कामा नये. निसटलेली फरशी त्याच हिवाळ्यापूर्वी बसवली तर काम शिडी आणि खुंटीपुरते असते. तेच राहून गेले तर पाणी चिपांच्या भरीत उतरते, ती भर फुगते किंवा वाहून जाते, आणि मग आरपार दगडही दोन पदरांना धरून ठेवू शकत नाहीत.