पाहा, पण शिवू नका?

खेड्यातल्या मुलांना विज्ञानाचे प्रयोग आता इंटरनेटवरून शिकविता येतात, असे सांगितले जाते. ते खोटे नाही. आमच्याच सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी घरात प्रयोगशाळा उभारून साधने नसलेल्या देशोदेशीच्या शाळांतील मुलांना प्रयोग दाखविले. 2020 साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइज मिळाले. भवानी पेठेतल्या आम्हा कार्यकर्त्यांना त्याचा अभिमान आहे.

पण पाहिलेला प्रयोग आणि केलेला प्रयोग एक नव्हे. पडद्यावर बटण दाबले की द्रावण ठरल्या वेळी गुलाबी होते. खऱ्या ब्युरेटमधून एक थेंब जास्त पडला की सारे वाया जाते आणि मुलगी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करते. विज्ञान तिथे अंगी बाणते.

कायदा काय म्हणतो? केरळ उच्च न्यायालयाने 2019 साली एका विद्यार्थिनीच्या याचिकेवर इंटरनेट हा शिक्षणाच्या हक्काचा भाग मानला. त्याआधी 3 नोव्हेंबर 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दूरशिक्षणातील अभियांत्रिकी पदव्यांच्या खटल्यात प्रात्यक्षिक हा तंत्रशिक्षणाचा कणा असल्याचे सांगितले. दोन्ही निकालांचा आमच्या मते अर्थ एकच: इंटरनेटही हवे आणि प्रयोगशाळाही हवी. एक देऊन दुसरे काढून घेणे ही फसवणूक आहे.

ज्या हातांनी चामडे कमावले, त्या हातांत पुस्तक पडू दिले नाही. ज्यांच्या हाती पोथी होती, त्यांनी श्रमाला हीन मानले. हात आणि बुद्धी यांची ही फाळणी जातिव्यवस्थेने केली. प्रयोगशाळेत ती मिटते. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1946 साली मुंबईत काढलेले सिद्धार्थ महाविद्यालय कला आणि विज्ञान या दोन्ही शाखांचे होते, हे विसरू नये. शहरातल्या पैसेवाल्याच्या मुलाला परीक्षानळी आणि आमच्या वस्तीतल्या मुलाला परीक्षानळीचे चित्र, ही नवी अस्पृश्यता आहे. पाहा, पण शिवू नका!

बारावीला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्रात प्रत्येकी 30 गुण प्रात्यक्षिकाचे असतात. म्हणून पालकांनी माहिती अधिकार कायद्याखाली 10 रुपयांचा अर्ज करून जिल्हा परिषदेला आणि अनुदानित संस्थांना विचारावे: प्रयोगशाळा आहे का? साहित्य किती? वर्षात मुलांनी स्वतः किती प्रयोग केले? दुर्बल घटकांच्या शैक्षणिक हिताची जबाबदारी संविधानाच्या कलम 46 ने शासनावर टाकली आहे. त्याचा हिशेब मागितलाच पाहिजे!