कोलशेतच्या खाडीकाठी, कैरीच्या दिवसांत

उन्हाळ्यातली दोन दिवसांची सुट्टी म्हटली की ठाणेकर अलिबागचा नाहीतर कर्जतचा रस्ता धरतात. मी या वेळी ठाणे स्टेशनातून रिक्षा केली आणि माजिवडा, कापूरबावडी, ढोकाळी करत कोलशेतला उतरले. एप्रिलचा शेवटचा शनिवार होता आणि ऊन डोळ्यांत जात होतं. मुक्काम एका मैत्रिणीकडे, एकोणिसाव्या मजल्यावर. तिच्या गॅलरीतून उल्हास नदीची खाडी अशी दिसते की पहिला अर्धा तास मी तिथून हललेच नाही. पलीकडच्या काठावर भिवंडी तालुका, अलीकडे तिवरांचा हिरवा पट्टा, आणि त्या पट्ट्याला खेटून कौलं, पत्रे आणि गच्च्यांचं जुनं कोलशेत गाव.

ठाण्याचा इतिहास इथे पुन्हा सांगत बसत नाही. १७३७ साली चिमाजी अप्पांच्या मोहिमेत ठाणं पोर्तुगीजांकडून सुटलं, १८५३ साली रेल्वे आली, हे शाळेतच पाठ झालेलं असतं. कोलशेतचा अलीकडचा इतिहास मात्र कमी लोकांना ठाऊक आहे. नावात कोळी आणि शेत दोन्ही ऐकू येणाऱ्या या आगरी-कोळी गावाच्या वेशीवर रासायनिक कारखाने उभे राहिले, भोंग्यावर गावाची घड्याळं लागली, मग कारखाने बंद झाले आणि त्यांच्याच जमिनींवर हे मनोरे आले. २०२४ च्या फेब्रुवारीत वीस एकरांवरचं सेंट्रल पार्क उघडलं आणि तेव्हापासून रविवारी संध्याकाळी अख्खं ठाणे कोलशेत रस्त्यावर लोटतं. त्यातले फार थोडे लोक पुढे खाडीपर्यंत जातात.

मी गेले ती ओहोटीच्या वेळी. पाणी आत सरलं होतं आणि चिखल उन्हात चकाकत होता. त्या चिखलावर निवट्या टणाटण उड्या मारत होत्या. बोटभर लांबीचा, डोक्यावर बटबटीत डोळे असलेला हा मासा पाण्याबाहेरही तग धरतो आणि बिळात घर करतो. तो पकडायला मांडीपर्यंत चिखलात उतरावं लागतं आणि बिळात हात घालावा लागतो. त्यामुळे तो बड्या हॉटेलांच्या यादीत नसतो. २०२३ मध्ये पापलेटाला राज्यमाशाचा मान मिळाला. तो त्याला शोभतोच, पण या काठाची चव विचाराल तर मी निवटीचं नाव घेईन.

मैत्रिणीच्या घरी कामाला येणाऱ्या ताईंनी गावातल्या एका मावशींकडे माझी जेवणाची सोय लावून दिली होती. मावशींचं वय सत्तरीच्या पुढे. ओट्यावर झाकलेलं पातेलं आतून खडखडत होतं. झाकण जरा उचलून त्यांनी मूठभर जाडं मीठ आत टाकलं आणि पुन्हा घट्ट दाबून धरलं. खडखड थांबली तशा निवट्या परातीत काढल्या, चुलीतली राख घेऊन एकेक चोळली, बुळबुळीत थर निघून हाताला खरखरीत लागेपर्यंत. मग तीन पाण्यांनी धुतल्या. तेलात ठेचलेला लसूण, हळद, घरचा मसाला, फोडींसकट कैरी. नारळ नाही, कांदाही नाही. कालवण उकळायला लागलं तेव्हा कैरीचा आंबट वास पार दारापर्यंत आला होता. शेजारी उकड काढलेल्या तांदळाच्या पिठाची भाकरी पाण्याच्या हाताने हातावरच थापली जात होती. मी वहीत लिहीत होते, तर त्या म्हणाल्या, "बस गं बाय, जेवाला बस. मंग ली." काटे मऊ झालेली अख्खी निवटी, वर कैरीची एक फोड आणि तव्यावरून थेट पानात आलेली भाकरी. दुसरं काही नको होतं आणि काही वाढलंही नाही.

गच्चीवर मिरच्या वाळत होत्या. एप्रिल-मे हे मसाल्याचे महिने. मिरच्या कडकडीत वाळल्या की धणे, दगडफूल, तमालपत्र सगळं भाजून कांडपावर न्यायचं आणि वर्षभराचा मसाला बरणीत भरून ठेवायचा. या मसाल्याचा एक वापर मात्र मी पहिल्यांदाच पाहिला.

मावशींचा भाचा मुंबईतल्या एका हॉटेलात बारवर काम करतो. त्या दिवशी त्याची सुट्टी होती. संध्याकाळी तो ताडगोळ्यांची पिशवी घेऊन आला. त्याने ताडगोळे सोलून वाटीत हातानेच कुस्करले, त्यात मावशींनी उकडून ठेवलेल्या कैरीचं पन्हं ओतलं, वर बर्फ आणि मोजून एक माप मोहाची दारू. ग्लासाची कड लिंबाने ओली करून मीठ आणि आगरी मसाल्यात टेकवली. पहिल्या घोटाला ओठावर तिखट, मग जिभेवर आंबटगोड, आणि शेवटी मोहाचा तो जड, फुलांचा वास. दुसऱ्या ग्लासात कोकमाचं आगळ, सोडा आणि उभी चिरलेली हिरवी मिरची. ही त्याने गोव्यात काम करताना उचललेली रीत. तिथे मार्च ते मे काजूच्या बोंडांची उर्राक निघते आणि लोक ती लिंबू, मीठ, मिरची घालून पितात. "ताई, हॉटेलात आम्ही बाहेरून आलेली सिरपं वापरतो," तो म्हणाला. "इथं सगळं घरचंच आहे."

मोह या जिल्ह्याचाच. शहापूर-मुरबाडच्या जंगलात मार्च-एप्रिलला पहाटे फुलं टपटपतात, आदिवासी बाया ती वेचतात, वाळवतात. वाळली की ती मनुकांसारखी दिसतात. एके काळी घरोघरी त्यांची दारू निघायची आणि ताडामाडाची ताडी तर रोजचीच होती. इंग्रजांनी १८७८ च्या अबकारी कायद्याने हा धंदा मुठीत घेतला, ताडाच्या झाडांवर जबर कर बसवले आणि १८९२ मध्ये खास ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी कायदा करून मोहाची फुलं बाळगण्यावरच निर्बंध घातले. फुलं जंगलातली, वेचणारे हात इथले, आणि गुन्हाही त्यांचाच ठरला. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा दारूबंदी कायदा आला. त्यातली परवान्याची अट आजही आहे. आता डहाणूच्या एका डिस्टिलरीने मोहाची दारू रीतसर, उंची बाटलीत आणली आहे. मला त्याचा मनापासून आनंद वाटला. त्या बाटलीच्या किमतीतला वाटा फुलं वेचणाऱ्या बाईपर्यंत पोहोचावा, एवढीच इच्छा आहे.

रविवारी सकाळी पुन्हा खाडीवर गेले. भरती लागली होती आणि पाण्याबरोबर पिशव्या, थर्माकोल, निर्माल्य आत येत होतं. वासही होता. एक म्हातारे गृहस्थ पाग झटकत बसले होते. त्यांच्या बादलीत चार बोयटं आणि एक खेकडा. "पूर्वी जिताडा लागायचा," ते म्हणाले, "आता खारीन काय रायलं नाय." सांडपाणी आलं, रेतीचा बेसुमार उपसा झाला, तिवरांवर भराव पडले. त्या दुसऱ्या, ऐरोलीकडच्या ठाणे खाडीला फ्लेमिंगोंमुळे २०२२ मध्ये रामसरचा दर्जा मिळाला, तिथे बोटी फिरतात, शाळांच्या सहली जातात. उल्हासच्या या फाट्याकडे पाहायला कुणाला वेळ नाही. वसई-ठाणे-कल्याण जलमार्गाच्या आराखड्यात कोलशेतचा धक्का आहे, तो व्हायलाच हवा. पण बोटीतून उतरणाऱ्याला इथे खायला काय मिळणार, याचाही विचार त्याच आराखड्यात हवा. मनोऱ्यांच्या जाहिरातींत खाडी असते. तळमजल्यावरच्या उपाहारगृहांत मी चौकशी केली, तर मासे दूरच्या बंदरांतून आलेले. हाकेच्या अंतरावर मावशी राहतात, त्यांच्याकडून आठवड्यातून एकदा वीस माणसांचं कालवण घ्यायला काय अडचण आहे, ते मला अजून कळलेलं नाही. खाडीतल्या मासळीला गिऱ्हाईक असेल तर खाडी स्वच्छ ठेवा म्हणून भांडणारे लोकही वाढतील.

निघताना मावशींनी वर्तमानपत्रात मसाल्याची पुडी बांधून दिली, पैसे घेतले नाहीत. भाच्याने त्यांच्यासाठी मोहाशिवायचा ग्लास बनवला होता. त्यांनी एक घोट घेतला, उठून आत गेल्या, चिमूटभर मीठ आणून त्यात टाकलं आणि मग सावकाश संपवला. मी चपला घालत असताना त्या म्हणाल्या, "आवशेला ये. चिंबोऱ्या भरलेल्या आसतान."

रिक्षात बसल्यावर आधी कॅलेंडर पाहिलं. पुढची अमावास्या आठवड्याच्या मधल्या वारी येते. रजेचा अर्ज सोमवारीच दिला.