लांकडी पट्टीवरील गोला

गेल्या पावसाळ्यांत आमच्या कात्रपच्या घरांतील दाराभोंवतींची सागवानी पट्टी ओल लागून कुजली. नव्या पट्टीच्या कांठालाहि जुन्यासारखाच गोला हवा होता. पूर्वीं सुतार हें काम गोल्याच्या रंध्यानें करीत. मीं भाच्याचें विजेचें राउटर-यंत्र मागून आणलें. पहिल्याच फेरींत तें हातांतून पुढें धांवलें, पट्टीची कड फुटली आणि डाव्या हाताचें बोट थोडक्यांत बचावलें. दोष यंत्राचा नव्हता. मीं तें उलट्या दिशेनें नेलें होतें.

राउटरचें पातें मिनिटास १०,००० ते ३०,००० फेरे घेतें व वरून पाहतां घड्याळाच्या कांट्याप्रमाणें फिरतें. म्हणून लांकूड समोर ठेवून जवळचा कांठ घडवितांना यंत्र डावीकडून उजवीकडे न्यावें. मग पात्याचा रेटा यंत्राला मागें लोटतो व वेग आपल्या हातीं राहतो. उलट नेल्यास पातें चाकासारखें लांकडावर चालूं लागतें व यंत्राला ओढून नेतें. यंत्र टेबलाखालीं उलटें बसविलें असल्यास मात्र लांकूडच उजवीकडून डावीकडे सरकवावयाचें.

अरुंद पट्टीवर यंत्राचा तळ नीट टेकत नाहीं, तें डुगडुगतें. रुंद फळी शिकंज्यांनीं मेजास जखडावी, तिच्या कांठावर गोला काढावा आणि मग पट्टी कापून घ्यावी. ही युक्ति मला एका वृद्ध सुतारानें सांगितली. आमच्या मास्तरकीला ती थोडी झोंबली खरी! गोला एकदम खोल काढूं नये. एका फेरीस सुमारें ३ मिलिमीटर पुरे.

पातें बदलतांना प्लग भिंतींतून काढलेलाच असावा. दांडी पूर्ण आंत घालून दोन-तीन मिलिमीटर वर ओढावी, मग पकड आवळावी. तळास टेकलेली दांडी कधीं कधीं घट्ट धरली जात नाहीं. वीज मध्येंच गेली तर आधीं खटका बंद करावा, नाहीं तर ती परततांच मेजावरचें यंत्र आपोआप फिरूं लागतें.

सैल बाह्या व हातमोजे नकोत. चष्मा, कानांस बोळे व तोंडास पट्टी हवी. लांकडाची भुकटी कर्करोगास कारण होते, असें आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनें १९९५ सालीं नमूद केलें आहे.

दाराची पट्टी आतां बसली आहे. फुटलेला तुकडा मीं भाच्याला यंत्रासोबत परत दिला.