निरोपाला लगाम घालणारे ग्राही: गैरसमज आणि वस्तुस्थिती

मेंदूतली एक चेतापेशी दुसरीला निरोप देते तो बहुतेक वेळा रसायनाच्या रूपात. या रसायनांना न्यूरोट्रान्समीटर म्हणतात आणि ती ओळखणाऱ्या प्रथिनांना ग्राही किंवा रिसेप्टर. त्यांच्याविषयीचे काही समज मात्र चुकीचे आहेत आणि त्यांचा फटका औषधं घेणाऱ्या माणसांना बसतो.

गैरसमज: ग्राही फक्त निरोप घेणाऱ्या पेशीवर असतात.

वस्तुस्थिती: ते निरोप पाठवणाऱ्या पेशीवरही असतात. नॉरअ‍ॅड्रेनॅलिन सोडणाऱ्या पेशींच्या टोकांवर आल्फा-2 ग्राही असतात. बाहेर पडलेलं नॉरअ‍ॅड्रेनॅलिन त्यांना चिकटलं की पुढचा स्राव घटतो. टाकी भरत आली की बॉलकॉक पाणी तोडतो, तसंच हे. मिर्टाझापिन हे नैराश्यावरचं औषध हेच ग्राही अडवतं आणि स्राव वाढू देतं.

गैरसमज: विद्युत स्पंद आला की दर वेळी ठरलेल्या मापाचं रसायन सुटतं.

वस्तुस्थिती: रसायन सुमारे 40 नॅनोमीटर व्यासाच्या पिशव्यांत भरलेलं असतं. त्यातल्या किती पिशव्या रित्या होणार, हे टोकात शिरणाऱ्या कॅल्शियमवर ठरतं. डॉज आणि रहामिमॉफ यांनी 1967 मध्ये बेडकाच्या स्नायूवर दाखवलं, की कॅल्शियम कमी असताना स्राव त्याच्या साधारण चौथ्या घाताने बदलतो. म्हणजे कॅल्शियम निम्मं झालं तर स्राव सोळाव्या हिश्श्यावर येतो. लगाम घालणारे अनेक ग्राही कॅल्शियमची हीच दारं आवळतात, म्हणून त्यांचा थोडा दाबही मोठा परिणाम करतो.

गैरसमज: असे ग्राही स्राव फक्त कमी करतात.

वस्तुस्थिती: काही वाढवतातही. टोकांवरच्या निकोटिनिक ग्राहींमुळे आत कॅल्शियम वाढतं आणि स्रावाला जोर येतो.

गैरसमज: बशीत वाढवलेल्या पेशींवरून मेंदूचं काहीच कळत नाही.

वस्तुस्थिती: उंदराच्या भ्रूणातला हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा भाग काढून त्याच्या पेशी सुट्या करतात. पॉलिलायसिनचा लेप दिलेल्या काचेवर, 37 अंश तापमानात त्या वाढवतात. दोन-तीन आठवड्यांत त्यांच्यात काम करणारे सिनॅप्स, म्हणजे निरोपाचे सांधे तयार होतात. मग टेट्रोडोटॉक्सिन घालून विद्युत स्पंद बंद करतात. तरीही अधूनमधून एखादी पिशवी आपोआप रिती होते आणि घेणाऱ्या पेशीत बारीक झटका नोंदला जातो. औषध दिल्यावर झटक्यांची संख्या बदलली, तर बदल बहुधा पाठवणाऱ्या बाजूला असतो. झटक्यांचा आकार बदलला, तर घेणाऱ्या बाजूला.

जपानच्या कानाझावा विद्यापीठात मासानोबू कानो यांच्या गटाने 2001 मध्ये अशाच पेशींच्या जोड्या तपासल्या. घेणारी पेशी उत्तेजित केली की ती स्वतःच रसायन सोडते. ते उलट दिशेने जाऊन पाठवणाऱ्या पेशीवरच्या सीबी-1 ग्राहींना लागतं आणि तिचा स्राव काही काळ घटतो, असं दिसलं. गांजातलं टीएचसी याच ग्राहींवर काम करतं. बशीत मेंदूची मूळ जोडणी नसते, म्हणून असे निष्कर्ष मेंदूच्या कापांत आणि जिवंत प्राण्यांतही पडताळावे लागतात.

गैरसमज: नैराश्याच्या गोळीने आठवड्यात फरक पडला नाही, तर ती निरुपयोगी.

वस्तुस्थिती: सेरोटोनिन वाढवणाऱ्या बऱ्याच गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. त्याचं एक मान्य स्पष्टीकरण असं: सेरोटोनिन वाढताच ते सोडणाऱ्या पेशींचे स्वतःचे 5-एचटी-1ए ग्राही त्यांचं काम मंदावतात. आठवड्यांनी हे ग्राही बोथट होतात, तेव्हा लगाम सुटतो. म्हणून लगेच फरक दिसला नाही तरी गोळी मनाने बंद करू नका किंवा तिचा डोस वाढवू नका; आधी डॉक्टरांशी बोला.