जळगावचं विमान का थांबलं?

मंडळी, आज आपण एका छोट्या विमान कंपनीची गोष्ट समजून घेऊ. रावेरात बसून विमानाचा विचार कशाला, असं कुणी म्हणेल. पण आपल्याला जवळचा विमानतळ जळगावचा, आणि तिथे जे घडलं त्यातून ‘सेवा’ म्हणजे काय हे नीट कळतं.

जळगावचा विमानतळ २०१२ साली सुरू झाला. धावपट्टी आली, इमारत आली; नियमित विमान मात्र येईना. २०१६ मध्ये केंद्राने ‘उडान’ योजना आणली. साधारण तासाभराच्या प्रवासासाठी निम्म्या जागांचं भाडं अडीच हजारांच्या आसपास ठेवायचं, त्या जागांवरची तूट सरकारने तीन वर्षं भरायची आणि तेवढा काळ त्या मार्गाचा हक्क एकाच कंपनीकडे. या योजनेत एअर डेक्कनने २३ डिसेंबर २०१७ रोजी मुंबई-जळगाव सेवा सुरू केली. कॅप्टन गोपीनाथ यांची २००३ ची मूळ कंपनी पुढे किंगफिशरमध्ये विलीन झाली होती. हा त्या नावाचा दुसरा जन्म. विमान होतं १९ आसनांचं बीचक्राफ्ट.

फेऱ्या रद्द होऊ लागल्या आणि काही महिन्यांतच जळगावची सेवा बंद पडली. एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीत, कंपनीने सगळीच उड्डाणं थांबवली.

जळगावात प्रवासीच नव्हते, असं आपण चटकन म्हणून टाकतो. पण मग २०१९ मध्ये ट्रूजेट ७० च्या आसपास आसनांचं विमान घेऊन इथे का आली असती? कारण दुसरीकडे शोधायला हवं. १९ जणांना न्यायलाही दोन वैमानिक लागतात. मुंबईची धावपट्टी आधीच गच्च; तिथे छोट्या विमानालाही मोठ्याइतकीच स्वतंत्र वेळ द्यावी लागते. आणि कंपनीकडे विमानंच मोजकी असली, की एक दुरुस्तीला गेलं तर बदली कुठून आणायचं?

आता मुख्य मुद्दा. अनुदान जागेमागे मिळतं, भरवशामागे नाही. मुंबईत डॉक्टरांची वेळ घेतलेला आपला माणूस विचारतो, ‘उद्या विमान नक्की जाणार ना?’ एकदा फेरी रद्द झाली, की तो भुसावळहून रात्रीची गाडी धरतो. गाडी उशिरा का होईना, येते. अशी माणसं तुटली की जागा रिकाम्या, जागा रिकाम्या की तोटा, तोटा की आणखी फेऱ्या रद्द. वर मार्गाचा हक्क एकाकडेच, म्हणजे ती कंपनी कागदावर असेपर्यंत गाव अडकलेलं.

ट्रूजेटही २०२२ मध्ये थांबली. २०२४ पासून फ्लाय ९१ ने जळगावहून गोवा, हैदराबाद अशी उड्डाणं सुरू केली. आनंदच आहे. पण उद्घाटनाच्या फोटोवर समाधान मानू नये. ठरलेल्यांपैकी किती फेऱ्या खरोखर झाल्या, हा आकडा दर महिन्याला आपण मागितला पाहिजे. सेवा तिथेच मोजली जाते.