शिबिर संपल्यावर

महाराष्ट्रातल्या अठरा-वीस वर्षांच्या मुलामुलींना समाजासाठी काही करावंसं वाटलं, तर आज वाटा बऱ्याच आहेत. कॉलेजातली एनएसएस आहे, मे महिन्यातली शिबिरं आहेत, पावसाळ्यात मेळघाटात जाणाऱ्या तुकड्या आहेत, वर्ष-दोन वर्षांच्या फेलोशिप आहेत. शंभर वर्षांपूर्वी इतकी निवड नव्हती. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी 1905 मध्ये पुण्यात भारत सेवक समाज स्थापला तेव्हा अपेक्षा सरळ होती: शिकलेल्या तरुणाने यावं, तुटपुंज्या मानधनावर राहावं आणि जन्मभर राहावं. तिथपासून आजपर्यंत तरुणांच्या सेवेची मुदत आक्रसत कशी गेली, आणि सेवा करणाऱ्याच्या पोटापाण्याची सोय कोणी पाहिली, याचा हा मागोवा.

गोखल्यांची वाट थोड्यांचीच होती. ती पोराटोरांपर्यंत आणली राष्ट्र सेवा दलाने. 4 जून 1941 रोजी एस. एम. जोशी दलप्रमुख झाले आणि गावोगावी संध्याकाळच्या शाखा भरू लागल्या. इथे घरदार सोडावं लागत नव्हतं. शाळा सुटली की मैदानावर यायचं, खेळायचं, गाणी म्हणायची, सुट्टीत शिबिराला जायचं. साने गुरुजींच्या शब्दाचा या मुलांवर मोठा प्रभाव होता. पंढरपूरचं विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून गुरुजींनी 1947 च्या मे महिन्यात उपोषण केलं. त्याआधीच्या त्यांच्या महाराष्ट्रभरच्या दौऱ्यात सेवादलाचं कलापथक सोबत होतं. निळू फुले, राम नगरकर, दादा कोंडके ही माणसं पुढे रंगभूमीवर आणि पडद्यावर गेली, पण त्यांची उमेदवारी या कलापथकांत झाली. सेवादलातून आजन्म कार्यकर्ते थोडे निघाले. शिक्षक, नट, कारकून, ग्रामपंचायत सदस्य मात्र हजारोंनी निघाले, आणि त्यांनी आपापल्या जागी राहून कामं केली. रोजचा एक तास, पण वर्षानुवर्षं, हे या पद्धतीचं बळ होतं.

साठच्या दशकाच्या अखेरीस दोन गोष्टी जवळपास एकाच वेळी सुरू झाल्या. त्या शेजारी-शेजारी ठेवून पाहायला हव्यात.

पहिली चंद्रपूर जिल्ह्यात मूलजवळच्या सोमनाथला. बाबा आमट्यांनी तिथे श्रमसंस्कार छावणी भरवायला सुरुवात केली. चंद्रपूरचा मे महिना म्हणजे काय, हे विदर्भातल्या माणसाला सांगावं लागत नाही. त्या उन्हात शहरांतली पोरं पहाटे उठून कुदळ-फावडं घेत, दुपारी भाषणं आणि वाद, रात्री गाणी. खोदलेल्या मातीचं मोल फारसं नव्हतं. तेवढं काम मजुरांनी निम्म्या वेळात केलं असतं. बाबांना ते ठाऊकच असणार. कुष्ठरोग्यांनी उभ्या केलेल्या वस्तीत, त्यांच्याच हातचं जेवून राहिलेला मुलगा घरी परतल्यावर तोच राहत नाही, हा त्यातला खरा हिशेब होता. छावणीच्या पाठीशी आनंदवन या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीचं बारमाही काम होतं. ज्याला आणखी काही करावंसं वाटे त्याला जायला जागा होती. 23 डिसेंबर 1973 रोजी हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला तेव्हा प्रकाश आणि मंदाकिनी आमटे यांच्यासोबत अरण्यात राहायला काही तरुण मिळाले, ते याच वातावरणातून. 1985 च्या डिसेंबरात बाबांनी कन्याकुमारीहून भारत जोडो यात्रा काढली. पाठीच्या दुखण्यामुळे ते स्वतः गाडीत पडून प्रवास करत. सायकली मारत होती तरुण मुलं-मुली.

दुसरी गोष्ट सरकारी. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, 24 सप्टेंबर 1969 रोजी, राष्ट्रीय सेवा योजना, म्हणजेच एनएसएस, देशातल्या 37 विद्यापीठांत आणि 40,000 विद्यार्थ्यांसह सुरू झाली. नियम सुटसुटीत होता: वर्षाला 120 तास, दोन वर्षांत 240, आणि दत्तक गावात सात दिवसांचं निवासी शिबिर. सेवेचं माप तासांत मोजायची सुरुवात इथून झाली. योजनेला नावं ठेवणं सोपं आहे. हजेरीपुरते येणारे, वाढीव गुणांसाठी येणारे, उद्घाटनाचा फोटो काढून परतणारे सगळ्यांनी पाहिले आहेत. पण ज्या घरातून मुलीला एक रात्रही बाहेर राहू देत नसत, त्या घरातली मुलगी ‘कॉलेजचा कॅम्प आहे’ एवढ्या आधारावर सात दिवस परक्या गावात राहिली, ही या योजनेची कमाई कमी लेखता येत नाही. वारीच्या वाटेवर सफाई करणारी, विसर्जनाच्या घाटावर निर्माल्य गोळा करणारी, रक्तदान शिबिरात रांगा लावणारी मुलं बहुतेक एनएसएसचीच असतात.

तिचा उणेपणा वनराई बंधाऱ्यात दिसतो. पाऊस ओसरला की सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरून ओढ्यात रचायच्या, पाणी अडवायचं. हिवाळी शिबिरातलं हे हमखास काम. बंधारा स्वस्त असतो आणि दोन दिवसांत होतो. विहिरींना त्याचा उपयोगही होतो. पण तो एका हंगामापुरता. पुढच्या पावसात वाहून जातो आणि दर वर्षी नव्याने बांधावा लागतो. कॉलेज त्याच गावात पुन्हा गेलं तर बंधारा पुन्हा उभा राहतो. दत्तक गाव बदललं की गोण्या सडतात आणि गाव पुढच्या कॉलेजची वाट पाहतं.

सत्तरच्या दशकाने वेगळी भूक जागवली. 1972 चा दुष्काळ, युवक क्रांती दल, शहाद्याची श्रमिक संघटना, जयप्रकाशांचं आंदोलन या सगळ्यांतून शिकलेली मुलं खेड्यांत गेली. ती सेवा करायला गेली नव्हती. जमीन, मजुरी, जंगल यांचे प्रश्न घेऊन गेली होती. जयप्रकाशांच्या छात्र युवा संघर्ष वाहिनीने तर सभासदत्वाला तिशीची वयोमर्यादा घातली होती. त्या वाहिनीतून आलेले मोहन हिराबाई हिरालाल गडचिरोलीत गेले आणि तिथलेच झाले. तिथल्या मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, त्यामागे देवाजी तोफांसारखी गावचीच माणसं आणि बाहेरून येऊन टिकलेला हा कार्यकर्ता, अशी दोघांची दोन तपांहून अधिक काळाची मेहनत आहे.

पण असं टिकायचं तर चूल पेटायला हवी. ध्येयवादाच्या कथांत हा भाग आपण गाळतो. पूर्णवेळ कार्यकर्त्याचं घर बहुधा बायकोच्या पगारावर चाले आणि सत्कार नवऱ्याचा होई. ऐंशीच्या दशकात बाबा आढाव, डॉ. श्रीराम लागू आणि सहकाऱ्यांनी यावर एक अस्सल मराठी उपाय काढला. नामवंत नटांनी बिनमानधन ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग केले आणि त्या पैशातून सामाजिक कृतज्ञता निधी उभा राहिला. त्याच्या व्याजातून कार्यकर्त्यांना दरमहा मानधन मिळू लागलं. रक्कम लहान होती. तरी समाजासाठी राबणाऱ्याचं समाज देणं लागतो, हे निदान कुणीतरी कबूल केलं.

टिकण्याचा हा प्रश्न आपत्तीतही पुढे आला. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट. गणपती विसर्जन उरकून लोक झोपले होते आणि किल्लारीची जमीन हादरली. सुमारे दहा हजार माणसं गेली. राज्यभरातून तरुणांचे लोंढे लातूर-उस्मानाबादकडे धावले. ढिगारे उपसणं, प्रेतं बाहेर काढणं, औषधं वाटणं ही कामं त्यांनी जिवापाड केली. काही आठवड्यांनी बहुतेक परतले आणि परतणं स्वाभाविकही होतं. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीने मात्र भूकंपग्रस्त भागातल्या हराळीला मुक्काम केला आणि तिथे निवासी शाळा उभी केली. मदतीला गर्दी होते, पुनर्वसनाला माणसं उरत नाहीत, हा धडा त्यानंतरच्या प्रत्येक आपत्तीत पुन्हा गिरवावा लागला.

नव्वदनंतर शिक्षण महागलं, नोकऱ्या बदलल्या, जन्मभरासाठी येणारे तरुण विरळ झाले. तेव्हा काही संस्थांनी मधली वाट काढली: माणूस थोडा वेळ येईल हे मान्य करायचं, पण काम अखंड ठेवायचं. पुण्याच्या ‘मैत्री’ने मेळघाटात हेच केलं. पावसाळ्यात तिथे बालमृत्यू वाढतात, म्हणून स्वयंसेवकांच्या तुकड्या पाळीपाळीने जाऊन गावात राहतात. एक तुकडी निघते तेव्हा दुसरी पोचलेली असते. हीच रीत त्यांनी शंभर दिवसांच्या शाळेत वापरली. प्रत्येकाने दिलेले दिवस मोजकेच असतात, गावाला मात्र सलग सोबत मिळते.

2006 मध्ये डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या शोधग्राममध्ये ‘निर्माण’ सुरू केलं. तरुणांना कामाला जुंपण्याआधी ‘मी माझ्या शिक्षणाचं काय करणार?’ हा प्रश्न तिथे विचारला जातो. एक शिबिर करून मुलं मोकळी होत नाहीत. शिबिरांची मालिका असते आणि पुढे प्रत्यक्ष कामासाठी फेलोशिपही. 2009 मध्ये मुंबई-पुण्यात टीच फॉर इंडिया आली आणि दोन वर्षं वर्गात शिकवणाऱ्याला रीतसर मानधन मिळू लागलं. 2015 मध्ये मुख्यमंत्री फेलोशिप आली. पोटाचा प्रश्न काहीसा सुटला, पण नवा अडथळा उभा राहिला: या वाटांवर इंग्रजी बोलणारे, मुलाखतीत चमकणारे आधी पोचतात. बीडच्या ऊसतोड कामगाराच्या पदवीधर मुलीपर्यंत त्यांची जाहिरातसुद्धा पोचत नाही.

गावोगावी पाणी अडवण्याच्या वॉटर कप स्पर्धेने 2016 मध्ये तीन तालुक्यांतून सुरुवात करून श्रमदानाला पुन्हा उत्सवाचं रूप दिलं. 1 मे 2018 ला शहरांतले हजारो जलमित्र टिकाव घेऊन गावात उतरले. त्या दिवसाची छायाचित्रं गाजली. पण कोरेगावच्या वेळूसारखी गावं पुढे आली ती अशा एका दिवसामुळे नव्हे, स्पर्धेच्या पंचेचाळीस दिवसांच्या कामामुळे, आणि प्रशिक्षण घेतलेल्या गावच्याच माणसांमुळे.

या साऱ्या प्रवासातून माझा निष्कर्ष असा: सात दिवसांच्या शिबिरात काही खोट नाही, खोट आहे ती आठव्या दिवशी कोणीच नसण्यात. म्हणून महाविद्यालयांनी दत्तक गाव किमान दहा वर्षं बदलू नये. फेलोशिप देणाऱ्यांनी जिल्ह्याच्या ठिकाणी मराठीतून मुलाखती घ्याव्यात. पालकांनी पदवीनंतरचं एक वर्ष वाया गेलं असं मानू नये. आणि येत्या मे महिन्यात शिबिराला निघणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, अर्ज भरण्याआधी त्या संस्थेला दोन प्रश्न जरूर विचारा: आमच्या आधी इथे कोण काम करत होतं, आणि आम्ही गेल्यावर कोण करणार आहे?